चालक अटकेत, मालक फरार

बुलडाणा जिल्ह्यात खपणाऱ्या कोणत्याही मराठी वर्तमानपत्राचे स्थानिक पान उघडा. रेतीचा टिप्पर पकडला, गुटख्याचा ट्रक पकडला, जनावरांची गाडी अडवली, अशी एखादी चौकट तिथे हमखास भेटते. ठाण्याचे नाव बदलते, मुद्देमालाची रक्कम बदलते. शेवटचे वाक्य मात्र वर्षानुवर्षे तेच असते : चालकास अटक, मालक फरार. बातमी तिथे संपते. कथा-कादंबऱ्यांवर पोसलेल्या माझ्यासारख्या माणसाला मात्र ती तिथे सुरू झाल्यासारखी वाटते. हा चालक कोण? बावीस-तेवीस वर्षांचा हा पोरगा या मालकाच्या हाती लागला कसा? ताडपत्रीखाली काय आहे हे त्याला ठाऊक होते का? ठाऊक होते तर कधीपासून?

बातमीदाराला एवढी सवड नसते. न्यायालय यातले काही प्रश्न विचारते, पण त्याला उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेच हवे असते. उरलेला सगळा मुलूख साहित्याचा आहे. गुन्हेगार मालकाच्या जाळ्यात सापडलेला तरुण ड्रायव्हर हा विषय जगभरच्या लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी हाताळला आहे. त्यातल्या तीन कलाकृती मला मोलाच्या वाटतात. त्या समोर ठेवून आपल्या, म्हणजे मराठी मुसलमान लेखकांच्या, लेखनाकडे एकदा पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी आपल्या जमिनीबद्दल थोडे. मुंबई-कोलकाता महामार्ग मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जिल्ह्यातून जातो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून 'सहा नंबर'च आहे, कागदोपत्री त्याचा क्रमांक ५३ झाला. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या पलीकडे सातपुडा व मध्य प्रदेशची हद्द. दक्षिणेला देऊळगावराजा-सिंदखेडराजाच्या बाजूला खडकपूर्णेचे पात्र आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी या टप्प्याने सुरू झालेला समृद्धी महामार्ग. हद्द, नदी आणि रस्ता या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे माल असतो, आणि कायद्याने अडवलेला मालही असतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. त्याने खाणारे थांबले नाहीत. गुटखा मात्र चोरवाटेने, दुसऱ्या मालाच्या पोत्यांआडून येऊ लागला, आणि ती पोती वाहणारा कुणीतरी लागू लागला.

या रस्त्यांच्या कडेला आपले मोहल्ले आहेत. टायर-पंक्चर, वेल्डिंग, बॉडीचे काम, डिझेल मेकॅनिक हे धंदे आपल्या पोरांनी धरले, कारण तिथे कुणाची शिफारस लागत नाही आणि थोड्या भांडवलात भागते. शाळा आठवी-नववीत सुटते. पोरगा आधी गॅरेजात, मग क्लीनर म्हणून गाडीवर. स्टेपनी बदलायची, ताडपत्री बांधायची, घाटात चाकाखाली दगड लावायचा. रात्री उस्तादाला डुलकी लागली की रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग हाती येते. हात बसला की हेवी लायसन्स, आणि मग सीट. आता तो घरातला कमावता पुरुष होतो. तो रात्री कितीही उशिरा आला तरी अम्मी त्याच्या वाट्याचे सालन झाकून ठेवते. काचेवर ७८६ आणि सैलानी बाबांचे नाव तो हौसेने रंगवून घेतो. गाडी मात्र त्याची नसते.

बुलडाण्याच्या मातीने मराठीला मोठे लेखन दिले. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची कविता आहे. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' आहे, जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि जिने इथला कोरडवाहू शेतकरी त्याच्या बोलीसह कादंबरीत आणला. साखरखेर्ड्याच्या अजीम नवाज राहींनी खेड्यातल्या मुसलमानाचे जगणे मराठी कवितेत मांडले. शेतकरी आला, मजूर आला, कारागीर आला. ड्रायव्हर मात्र माझ्या वाचनात बहुधा दुसऱ्या कुणाला तरी या गावाहून त्या गावाला पोचवण्यापुरताच येतो.

आता त्या तीन कलाकृती. पहिली फ्रेंच आहे. जॉर्ज आर्नो यांच्या कादंबरीवरून क्लूझो यांनी १९५३ मध्ये काढलेला आणि बाहेर 'द वेजेस ऑफ फिअर' या नावाने गाजलेला चित्रपट. दक्षिण अमेरिकेतले एक रखरखीत गाव. परदेशांतून भरकटत आलेली, परतीच्या तिकिटालाही महाग झालेली माणसे तिथे अडकून पडली आहेत. शेकडो मैलांवर अमेरिकन कंपनीच्या तेलविहिरीला आग लागते. ती विझवायला नायट्रोग्लिसरीन न्यायचे आहे. हे स्फोटक साध्या धक्क्यानेही उडते आणि रस्ता तर खड्ड्यांचा. कंपनी चार ड्रायव्हर निवडते आणि प्रत्येकी दोन हजार डॉलर कबूल करते.

चित्रपट सगळ्यांना आठवतो तो पुढच्या थरारासाठी. मला त्यातला सर्वांत भयंकर प्रसंग वाटतो तो त्याआधीचा, कचेरीतला. कंपनीचा साहेब आपल्या कायमच्या कामगारांना पाठवत नाही. त्यांना संघटना आहे, बायकामुले आहेत. ते मेले तर कुणीतरी विचारायला येईल. या भणंगांमागे कुणी नाही, म्हणून हेच बरे. त्या खोलीत कुणी चाकू काढत नाही, धमकी देत नाही. फक्त निवड होते, आणि निवडलेला माणूस 'आपल्याला काम मिळाले' म्हणून आनंदाने बाहेर पडतो.

आपल्याकडची निवड याहून वेगळी नसते. दोन नंबरचा माल वाहायला मालक मुरलेला, चार ठिकाणी ओळखी असलेला ड्रायव्हर घेत नाही. त्याला हवा असतो बाप नसलेला, बहिणीचे लग्न तोंडावर आलेला, नुकते लायसन्स मिळालेला पोरगा. त्याला आधी उचल दिली जाते. मागितल्यापेक्षा थोडी जास्तच. उचल फिटत नाही तोवर गाडी सोडता येत नाही, हे कुठे लिहिलेले नसते, पण दोघांनाही कळलेले असते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा घातली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. गाड्या बायको, भाऊ, साला अशा वेगवेगळ्या नावांवर असल्या की पाचाचा आकडा कागदावर भरतच नाही. म्हणजे त्या फ्रेंच चित्रपटातल्या साहेबाला कचेरीत बसून जे करावे लागले, ते आपल्याकडे रेशनकार्डावरची नावे वापरून होते.

दुसरी कलाकृती इंग्रजी आहे, १९५७ चा 'हेल ड्रायव्हर्स'. दिग्दर्शक साय एंडफील्ड अमेरिकेतून कम्युनिस्ट ठरवून कामाबाहेर टाकले गेलेले आणि इंग्लंडात येऊन राहिलेले. त्यामुळे मालक आणि नोकर यांच्यातला हिशेब त्यांना आतून कळत होता. तुरुंगातून सुटलेला टॉम हा तरुण खडीची वाहतूक करणाऱ्या कंपनीत लागतो. पगार खेपेवर. अरुंद रस्त्यांवरून ट्रक जीव घेऊन पळवायचे, कारण ज्याच्या खेपा जास्त त्याची कमाई जास्त. रेड नावाचा फोरमन सगळ्यांत जास्त खेपा करतो आणि त्याला मागे टाकणाऱ्याला सोन्याची सिगारेट-केस मिळेल असे आमिष ठेवलेले आहे. ड्रायव्हर एकमेकांना कट मारतात, एकमेकांचा द्वेष करतात. पुढे उलगडते ते असे : मॅनेजर आणि फोरमन यांनी संगनमताने पाच माणसे कमी ठेवली आहेत. त्या पाचांचे काम उरलेल्यांकडून पळवून घ्यायचे आणि त्यांचा पगार आपसांत वाटून खायचा.

या कथेचे मला फार कौतुक वाटते. गुन्हा ट्रकमध्ये लपवलेला नाही, ट्रकमध्ये खरोखरच खडी आहे. गुन्हा मजुरीच्या पद्धतीत लपवलेला आहे. ड्रायव्हरांना वाटते आपण रेडशी लढतोय, आपल्या मर्दुमकीची परीक्षा चालली आहे. प्रत्यक्षात ते एका चोरीचे इंजिन आहेत. शेवटी लेखक-दिग्दर्शकांनी दोघा खलनायकांना ट्रकसकट खाणीच्या कड्यावरून खाली टाकले आणि प्रेक्षकांचे समाधान केले. हा शेवट मला सोपा वाटतो. माणसे मेली, खेपेची पद्धत मेली नाही. पण तिथवरचा चित्रपट खडकपूर्णेकाठच्या कोणत्याही टिप्परवाल्याला दाखवा, तो म्हणेल ही तर आमचीच गोष्ट.

रेतीचे कामही खेपेवर चालते. एका रॉयल्टी पावतीवर एक खेप हा नियम. त्याच पावतीवर रात्रीतून चार खेपा हा धंदा. पुढे मोटारसायकलवर लोकेशन देणारी पोरे, मागे टिप्पर. थांबायचे नाही हा हुकूम. मग रस्त्यात कुणी आडवे आले तर ती ड्रायव्हरची चूक. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामाचे लोखंड आणि त्या कामावरचे मजूर एकाच वाहनातून नेले जात होते. वाहन उलटले आणि १३ मजूर दगावले. लोखंड आणि माणसे एकत्र भरण्याची पद्धत कुठल्याही ड्रायव्हरने शोधून काढलेली नसते. एक फेरी वाचते म्हणून ती रूढ होते. 'हेल ड्रायव्हर्स' आपल्याला या वाचलेल्या फेरीकडे बघायला शिकवतो.

तिसरी कलाकृती आपल्या देशातली आहे. ताराशंकर बंद्योपाध्याय यांची 'अभिजान' ही कादंबरी आणि सत्यजित राय यांनी १९६२ मध्ये तिच्यावर काढलेला चित्रपट. इथे ट्रक नाही, जुनी क्रायस्लर टॅक्सी आहे. पण आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालते ती हीच कथा. नरसिंग हा टॅक्सीवाला राजपूत कुळाचा अभिमान बाळगणारा, चिडखोर, गाडीवर पोटच्या पोरासारखे प्रेम करणारा. साहेबाच्या मोटारीला मागे टाकल्याच्या गुन्ह्यापायी त्याचा परवाना जातो. अशा वेळी रस्त्यात त्याला सुखनराम हा व्यापारी भेटतो. तो त्याला भाडे देतो, नव्या गावात बस्तान बसवायला मदत करतो आणि हळूहळू अफूच्या चोरट्या वाहतुकीत ओढतो. सौमित्र चटर्जींचा नरसिंग आणि वहिदा रहमान यांची गुलाबी, सुखनरामने विकत घेतलेली विधवा, यांच्यामुळे हा चित्रपट स्मरणात राहतो.

सुखनराम नरसिंगला पैशाने जितका जिंकतो त्याहून अधिक मानाने जिंकतो. परवाना गेलेल्या, अपमान गिळलेल्या माणसाला तो समोर बसवतो, भागीदारीची भाषा बोलतो. आणि नरसिंग फसवला जात नाही. आपण काय वाहतोय हे त्याला ठाऊक आहे. तो स्वतःशी सौदा करतो. ज्या जगाने माझा मान ठेवला नाही त्याचे नियम मी का पाळावेत, असा तो सौदा आहे. राय यांचा मोठेपणा असा की ते नरसिंगला यासाठी माफही करत नाहीत आणि झिडकारतही नाहीत. त्याचा ख्रिस्ती मित्र जोसेफ, शाळेत शिकवणारी नीली आणि गुलाबी यांच्या नजरांतून ते त्याला स्वतःकडे बघायला लावतात. अखेरीस तो भागीदारीवर पाणी सोडतो आणि गुलाबीला सोडवायला धावतो. सुटका त्याची आहे, कारण पतनही त्याचेच होते.

चित्रपटात एक उणीव आहे आणि आपल्या वाचकांनी ती आवर्जून बघावी. सुखनराम मारवाडी आहे. बंगाली कथेत लोभी परका म्हणून मारवाडी आणणे सोयीचे होते. त्याने कथेला खलनायक मिळाला आणि बंगाली प्रेक्षकाची मान मोकळी झाली. हिंदी सिनेमातला स्मगलर करीमभाई किंवा अमुक खान असतो तेव्हा आपण चिडतो, आणि ते चिडणे योग्यच आहे. पण मग सुखनरामच्या बाबतीतही आपल्याला खटकायला हवे. गुन्ह्याला जात-धर्म चिकटवला की गुन्ह्याची यंत्रणा दिसेनाशी होते, मग तो धर्म कुणाचाही असो.

या तिन्ही कथांत मिळून एक प्रश्न तयार होतो : ड्रायव्हरला काय ठाऊक असते? कायद्याने या प्रश्नावर बराच खल केला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ३५ आरोपीला जाणीव होती असे गृहीत धरते. ती नव्हती हे त्याने सिद्ध करायचे. महाराष्ट्रातल्या २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यातही निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम होते. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले आणि ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे यावर भर दिला. 'जाणीवपूर्वक ताबा' हा शब्द मला कायद्यापेक्षा साहित्यातला वाटतो. माणसाच्या जाणिवेत नेमके काय असते, कोणती गोष्ट त्याने पाहिली आणि कोणती पाहायची टाळली, हे शोधण्याचाच तर आपला व्यवसाय आहे.

इथे मंटो आठवतो. त्याच्या 'नया कानून' कथेतला मंगू कोचवान जगभरच्या बातम्या सांगतो, नव्या कायद्याची वाट बघतो आणि त्या विश्वासावर हात उगारून कोठडीत जातो. कायदा नवा असो की जुना, आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा चेहरा कसा असतो हे त्याला तिथे कळते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. भारतीय न्याय संहितेत अपघात करून, पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती, तिच्याविरुद्ध तो संप होता. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. अनेकांनी लिहिले की ड्रायव्हरांना कायदा समजलाच नाही. मला वाटते त्यांना मंगूइतका, कदाचित त्याहून अधिक समजला होता. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा, आणि दोन्ही वेळा मालक घरी. हे समजायला कलमाचा क्रमांक पाठ असावा लागत नाही.

आता आपल्या कथांकडे येतो. त्याआधी माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. नाव त्याचेही सांगत नाही, त्याच्या मालकाचेही नाही. दहावीला दोनदा नापास झाला, क्लीनर झाला, मग टिप्परवर बसला. मालक त्याच्याच मोहल्ल्यातला. हज करून आलेला, रमजानमध्ये इफ्तार देणारा, मशिदीच्या चटयांना हात सैल सोडणारा. पोराच्या बहिणीचा निकाह त्याने दिलेल्या उचलीवर झाला. वर्षभराने टिप्पर पकडला. रेतीचोरीचा गुन्हा. मालकाचा फोन बंद. पुढे दंड भरून गाडी सुटली ती पोराच्या आधी. पोराला जामीनदार मिळेना.

सुटल्यावर तो मला भेटायला आला. मी शिक्षकी सवयीने म्हणालो, "अरे, पावतीवरची तारीख जुनी होती. तुला वाचता येत होतं ना?" तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मालूम तो था. पन पूछा नई." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "पूछता तो सीट जाती."

मालूम था, पन पूछा नई. या एका वाक्यात नरसिंग आहे, टॉम आहे, त्या फ्रेंच चित्रपटातले भणंग आहेत. आणि हेच वाक्य मला आपल्या कथांत सापडत नाही.

कथास्पर्धांच्या निमित्ताने आपल्या तरुण लेखकांची हस्तलिखिते माझ्याकडे येतात. ड्रायव्हर नायक असलेल्या कथाही त्यांत असतात. त्यांचा साचा आता मला पाठ झाला आहे. पोरगा पाच वक्तांचा नमाजी. गाडीत काय आहे याची त्याला तिळमात्र कल्पना नाही. मालक दुसऱ्या समाजाचा. पोलीस पकडतात, मारतात, नावावरून शिवी देतात. अम्मी वाट बघते. शेवटी अजान ऐकू येते. प्रसंग खरे असतात, भाषा चांगली असते, दुःखही खोटे नसते. तरी कथा उभी राहत नाही.

का उभी राहत नाही? लेखकाने लिहायला बसताना समोर न्यायाधीश बसवलेला असतो. नावावरून संशय घेतला जातो, जनावरांच्या वाहतुकीच्या संशयावरून माणसांना रस्त्यात गाठून मारले जाते, जीवही गेले आहेत. अशा काळात लेखकाच्या मनात पहिली भावना येते ती आपल्या पोराला सोडवण्याची. मी तिची थट्टा करणार नाही. पण या भावनेतून उतरते तो जामीनअर्ज असतो. जामीनअर्जात आरोपीला काहीच ठाऊक नसते. ते वकिलाचे काम आहे आणि वकिलाने ते करावे. लेखकाने तेच केले की पोराकडून त्याची जाणीव काढून घेतली जाते. मग त्याची भीती, त्याचा हिशेब, रात्री दोन वाजता पावती खिशात घालताना क्षणभर थांबलेला त्याचा हात, यातले काहीच लिहिण्याजोगे उरत नाही. संशय घेणारा त्याला गुन्हेगार म्हणून सपाट करतो, आपण निर्दोष म्हणून सपाट करतो.

याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. पोराला काही ठाऊकच नव्हते असे ठरवले की त्याचे न विचारणे कुणी आणि कसे घडवले हे दाखवायची गरज राहत नाही. उचल दाखवावी लागत नाही. निकाहाचा खर्च दाखवावा लागत नाही, ज्या खर्चाबद्दल आपण जमातीत बोलायला कचरतो. इफ्तारच्या दस्तरखानावर मध्यभागी बसलेला माणूस आणि त्याच्या टिप्परवर रात्र काढणारा पोरगा यांना एकाच चौकटीत आणावे लागत नाही. बाहेरचा सेठ आणला की काम भागते. बंगाली कथेने सुखनरामबाबत जे केले तेच आपण करतो. बातमीतून मालक फरार होतो, आणि आपण त्याला कथेतूनही फरार होऊ देतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. आपल्यातलाच गुन्हेगार मालक आपणच रंगवला तर उद्या त्याचाच दाखला देऊन आपल्याला बडवले जाईल. माझे म्हणणे असे की बडवणाऱ्यांना दाखल्याची गरज कधीच पडलेली नाही. ते मराठी कथा वाचून घराबाहेर पडत नाहीत. या कथा वाचतो तो आपला मुलगा, आपली मुलगी, आणि कदाचित गाडीवर बसायच्या बेतात असलेला मोहल्ल्यातला एखादा पोरगा. त्याच्याशी तरी खरे बोलले पाहिजे. हमीद दलवाईंच्या विचारांशी कुणाचे पटो वा न पटो, 'इंधन'मध्ये त्यांनी आपल्याच गावाकडे, आपल्याच घराकडे ज्या निर्भयपणे पाहिले त्याचे मोल मराठी कादंबरी आजही मान्य करते. आतून पाहण्याची ती वाट आपल्याकडे आहे. ती फक्त समाजसुधारणेच्या विषयांसाठी राखून ठेवायचे कारण नाही. मजुरी, उचल आणि मालकी यांच्याकडेही तिने जाता येते.

आणि मालक आपला दाखवायचा म्हणजे त्याला राक्षस करायचा असेही नाही. त्याच्या दानातला प्रामाणिकपणा खरा असू शकतो. तोही कधीकाळी क्लीनर असेल. त्याच्या डोक्यावरही कुणाचा तरी हप्ता असेल. 'अभिजान'मधला सुखनराम पातळ राहिला, कारण तो घरी कसा असतो हे आपल्याला फारसे कळले नाही. आपल्याला आपला मालक घरीही ठाऊक आहे. त्याच्या अंगणात आपण खेळलो आहोत. बंगाली दिग्दर्शकाला जे जमले नाही ते आपल्याला जमण्यासारखे आहे, आणि आपण तिकडे वळत नाही ही खरी खंत आहे.

माझा तो विद्यार्थी अजून गाडीवरच आहे. रेतीचे काम सोडले, आता लांबच्या फेऱ्या करतो. निघण्यापूर्वी बिल्टी मागतो, माल आणि कागद ताडून बघतो. या सवयीपायी दोन मालकांनी त्याला कामावरून काढले, तिसऱ्याने ठेवले. मागच्या ईदला भेटला तेव्हा मी त्याला या लेखाबद्दल सांगितले. त्याने विचारले, "सर, उसमें मालिक का भी लिखा क्या?" मी म्हणालो, नाव नाही लिहिले. तो हसला. म्हणाला, "नाम नक्को लिखो. पन वो घर में था, उतना तो लिखो."

तो कुठेच पळालेला नव्हता. फोन बंद करून आपल्याच गल्लीत, आपल्याच घरात बसलेला होता, आणि हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होते. मोहल्ल्यालाही मालूम होते, पण कुणी विचारले नाही. ही कथा आपल्यातल्या कुणीतरी लिहावी अशी माझी फार इच्छा आहे.